परका हात

आमच्या मॅडमचे हात मी पहिली काही वर्षं पाहिलेच नाहीत. पांढऱ्या कोटाच्या दोन खिशांत दोन हात आणि वर जाड काचांचा चष्मा, एवढ्या ऐवजावर त्या आमची सगळी लॅब चालवत. दार खांद्याने ढकलत, विजेचं बटण कोपराने दाबत. कुणी कागद पुढे केला तर "टेबलावर ठेव" म्हणत आणि वाकून वाचत. माझ्याबरोबर काम करणारा शादाब, जुन्या शहरातल्या चौक भागातला पक्का लखनवी मुलगा, मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, "मैडम नवाब हैं यार. किसी चीज़ को हाथ नहीं लगातीं." मला ते लगेच पटलं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाई, त्या कशाला पिपेट धरतील?

मी लखनौच्याच मानक नगरमधल्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. बाबा साताऱ्याचे, इंजिनियर. घरात मराठी होती ती एका बाजूने. आईबाबा मराठीत विचारायचे आणि आम्ही भावंडं हिंदीत उत्तर द्यायचो. पीएचडीच्या मुलाखतीला मॅडमनी माझं आडनाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मराठी येते का?"

"जी, समझ लेती हूँ."

"समजतं ते सोड. बोलतेस का?"

शेजारी बसलेले बाकीचे परीक्षक छताकडे बघत होते. मी कशीबशी म्हणाले, "बोलते, पण हळू."

"मग हळू बोल. मला घाई नाही."

आणि मला घेतलं. पुढची सगळी बोलणी मी मराठीत खाल्ली आणि उलट उत्तरंही मराठीतच दिली. बाबांना इतक्या वर्षांत जे साधलं नाही ते या बाईंनी एका हिवाळ्यात करून दाखवलं. बाबा त्यांचं नाव काढलं की अजूनही थोडे गप्प होतात.

मॅडम स्वतः मूळच्या जळगावच्या. सारी नोकरी लखनौत झाली, पण हिंदी त्यांनी येताना जेवढी आणली होती तेवढीच शेवटपर्यंत पुरवून वापरली. त्यांच्या हिंदीत सगळ्या बायका पुल्लिंगी आणि सगळे पुरुष आदरार्थी. "भैया, ये भिंडी कैसा दिया?" इथपर्यंत त्या हिंदीत टिकायच्या. मग घराजवळच्या तेलीबागच्या बाजारात भर गर्दीत एकदम मराठीत शिरायच्या, "अरे, ही भेंडी आहे का काठी आहे? बोट मोडेल माझं!" भाजीवाल्याला शब्द कळत नसत, पण सूर बरोबर कळे. तो गुपचूप दुसऱ्या टोपलीतली भेंडी काढून देई. लखनौ हे अदबीचं शहर आहे. इथे मॅडमना कुणी कधी व्याकरण शिकवलं नाही.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकटकटीचं होतं. एखाद्याच्या शरीरात एखादं प्रथिन बनतच नसेल, तर ते कसं बनवायचं याची सूचना, म्हणजे जीन, त्याच्या पेशीत पोचवायची. जीन हा डीएनएचा लांबलचक धागा. तो आहे तसा आत शिरत नाही. त्याच्यावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचा पॉलिमर घातला की धागा गोळा होतो आणि त्याचा बारीक कण बनतो. इथवर सगळं छान. पण आता हा कण बाहेरून धन भाराचा झाला, आणि रक्तातली बरीचशी प्रथिनं ऋण भाराची. कण रक्तात पडला की ती धावत येऊन त्याला चिकटणार, कणाला कण लागणार, गुठळ्या होणार आणि खेळ खलास. म्हणून त्या कणावर आणखी एक थर चढवायचा, या वेळी ऋण भाराच्या पॉलिमरचा. आत धागा, त्याला आवळून धरणारा पहिला पॉलिमर, आणि बाहेरच्या जगापासून सांभाळणारा दुसरा. हा दुसरा पॉलिमर नीट बसवायचा, हा माझा विषय.

तो बसला की नाही हे कळण्याची परीक्षाही साधी होती. कण सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात टाकायचे, तासभर ठेवायचे आणि मशीनवर मोजायचे. होते तेवढेच राहिले तर पास. फुगले तर गुठळ्या.

पहिल्यांदा माझे कण छान बनले तेव्हा मी धावत मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, जमलं!"

त्यांनी कागदावरची नजर काढली नाही. "जमलं हे मला सांगू नकोस. टिकलं का ते सांग."

अजून सीरममध्ये टाकलेच नव्हते. मी तशीच मागे फिरले. पुढे ते वाक्य लॅबची सलामच होऊन बसलं. शादाबलाही मराठीतला तेवढा एक शब्द पाठ झाला. सकाळी दारातच तो विचारायचा, "क्यों भई, टिकलं?" त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो मिठाई घेऊन मॅडमकडे गेला. मॅडमनी मनापासून त्याला आशीर्वाद दिले आणि म्हणाल्या, "अच्छा हुआ. अब टिकाना." शादाब म्हणतो, सगळ्या लग्नात कामाचं असं तेवढंच कुणी बोललं.

लॅबमध्ये आणखी एक कायदा होता. स्वयंपाकघरातल्या उपमा बंद. मी आल्या आल्याच तो मोडला. कण कसा बनतो ते मॅडम समजावत होत्या आणि मी हुशारी दाखवायला म्हणाले, "म्हणजे लाडू वळल्यासारखं, आणि मग वरून खसखस."

मॅडम थांबल्या. "बाई शास्त्रज्ञ असली की सगळ्यांना पोळपाटच का आठवतो गं? शेजारच्या लॅबमधले सर हेच सांगत असते तर तुला लाडू सुचला असता का?"

मी वहीत डोकं घातलं.

"ठीक आहे. लाडू म्हणालीस ना? उद्या आण. सगळ्यांना."

हीच शिक्षा होती. जे तोंडातून निघेल ते दुसऱ्या दिवशी लॅबभर वाटायचं. आईने रात्री बसून बेसनाचे लाडू वळले. मॅडमनी शादाबला चमच्याने तुकडे करून तोंडासमोर धरायला लावले आणि तीन खाल्ले. मला तेव्हाही वाटलं, काय हा नखरा, लाडूसुद्धा हाताने खायचा नाही.

पण मॅडमचा खरा विक्षिप्तपणा या सगळ्याच्या पलीकडचा होता. त्याला आम्ही परका हात म्हणायचो.

लॅबमधलं कुठलंही काम छापायला पाठवण्याआधी ते बाहेरच्या माणसाकडून करवून घ्यायचं. दुसऱ्या शास्त्रज्ञाकडून नाही, त्याला अंदाज असतो. ज्याला काही माहीत नाही असा माणूस. पिपेट कशी धरायची एवढं त्याला शिकवायचं, मग कृतीचा कागद त्याच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं. ज्याचा प्रयोग त्याने हात पाठीमागे बांधून, तोंड मिटून उभं राहायचं. खोकायचंसुद्धा नाही, कारण मॅडमच्या मते खोकल्यातूनही माणूस सूचना देतो. आजवर ग्रंथपाल झाले होते, हिशेब विभागातल्या बाई झाल्या होत्या, एकदा तर कुणा पाहुण्या प्राध्यापकांच्या सासूबाई इमामबाडा बघायला आल्या होत्या, त्यांनाही बसवलं होतं. इतर लॅबमध्ये आमची चेष्टा व्हायची. मलाही हा प्रकार बालिश वाटायचा, आणि एकदा मी तसं बोलून गेले.

मॅडम रागावल्या नाहीत. खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या गाइडना माझा फार अभिमान होता," त्या म्हणाल्या. "येईल त्याला सांगायचे, या मुलीच्या हाताला गुण आहे. कुणाला न जमणारे कण माझ्याकडून बनायचे. मलाही चढली होती. मग मी ती लॅब सोडली, आणि नंतर तिथे कुणालाच ते जमेना. मी जाऊन करून दाखवलं असतं, पण आपण किती ठिकाणी जाणार? कुणी मला खोटारडी म्हटलं नाही. फक्त माझ्या त्या कामाचं नाव घेणं बंद केलं."

"पण तुमचं खरं होतं ना?"

"खरं होतं. माझ्यापुरतं." त्या वळल्या. "हाताला गुण वैद्याच्या असावा. आपल्या धंद्यात ती लाजेची गोष्ट आहे."

माझं काम पूर्ण व्हायला आलं तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. निवृत्तीनंतरही त्यांना काही वर्षं लॅब ठेवता आली असती. त्यासाठी एक समिती बसणार होती आणि समितीला ताजं, दणदणीत काम दाखवायला लागणार होतं. ते माझ्याकडे होतं. माझे कण सीरममध्ये तासभर काय, दिवसभर टिकत होते. लेख लिहून तयार होता. परदेशातली एक लॅब त्याच वाटेवर आहे अशी कुणकुण होती, म्हणून घाईही होती. आता फक्त परका हात बाकी होता. मी त्याला नुसता उपचार समजत होते.

या वेळी मॅडमनी पकडलं राजभाषा विभागातल्या त्रिपाठीजींना. ते रोज चिनहटहून स्कूटरवर येत. संस्थेची परिपत्रकं हिंदीत करणं हे त्यांचं काम, त्यामुळे लिहिलेल्या शब्दावर त्यांची अपार श्रद्धा. स्वल्पविराम आला तर वाचताना थांबत. कोट चढवून ते खुर्चीवर बसले, कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "मैडम, जो लिखा है वही करूँगा. न एक शब्द कम, न एक शब्द ज़्यादा."

आणि खरंच तसं केलं. डीएनए घेतला. त्यात पहिला पॉलिमर घातला. मग दुसरा. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. दुसरा पॉलिमर पडला आणि ट्यूबमध्ये पांढरं गढूळ काहीतरी तरंगायला लागलं.

त्रिपाठीजींनी ट्यूब उजेडात धरली. "इसमें तो कुछ दही-सा जम गया."

कुणी हसलं नाही. कायदा मात्र कायदाच होता, दुसऱ्या दिवशी त्रिपाठीजी बिचारे सगळ्यांसाठी मातीच्या कुल्हडमधून दही घेऊन आले. ते खाऊन पुन्हा प्रयोगाला बसले. पुन्हा तेच. त्याच दिवशी, त्याच बाटल्यांमधून मी केलं आणि झकास झालं. शादाबने केलं, झकास झालं. त्रिपाठीजींनी केलं की दही.

आम्ही काय काय नाही तपासलं. पाणी बदललं, ट्यूब बदलल्या. त्रिपाठीजी डावखुरे आहेत यावरसुद्धा शादाबने एक सिद्धांत मांडला. समितीची तारीख जवळ येत चालली. संचालक स्वतः येऊन सांगून गेले, "मैडम, भेज दीजिए, बाद में देखते रहेंगे." शेवटी मीही हात जोडले.

"मॅडम, माझ्या हातून दर वेळी होतंय. शादाबच्या हातूनही होतंय. एवढं पुरे नाही का?"

"म्हणजे आता एका माणसाच्या नाही, सगळ्या लॅबच्या हाताला गुण आलाय," मॅडम म्हणाल्या. "हे तर आणखी वाईट."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाजवळ उंच स्टूल ओढून बसल्या. पायाने ओढून, अर्थात. "तू कर. रोज करतेस तसं. मी नाही असं समज."

त्या समोर बसलेल्या असताना त्या नाहीत असं समजणं सोपं नव्हतं. तरी मी केलं. डीएनए घेतला, पहिला पॉलिमर घातला, ट्यूब स्टँडवर ठेवली, हातमोजे काढले. शादाब दारात उभाच होता. आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर गेलो, चहा प्यायलो, शादाबच्या सासरच्या कागाळ्या ऐकल्या आणि परत आलो. मॅडम स्टुलावर तशाच बसल्या होत्या. त्यांची नजर ट्यूबवर होती.

"कुठे गेला होतात?"

"चहाला."

"रोज जाता?"

"हो. पहिला पॉलिमर घातला की जातोच. ती वेळच असते."

"दोघंही?"

"जी मैडम," शादाब म्हणाला. "सब जाते हैं."

"आणि त्रिपाठीजी?"

त्रिपाठीजींना ॲसिडिटीचा त्रास. ते चहाला शिवतही नाहीत. शिवाय कागदावर चहा लिहिलेला नव्हता. एक पॉलिमर घाला, मग दुसरा घाला, एवढंच मी लिहिलं होतं, आणि त्यांनी एकामागून एक घातले होते.

मॅडम हसायला लागल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा नाकावर घसरला तो त्यांनी खांद्याने वर ढकलला. "मी स्वयंपाकघर दाराबाहेर ठेवलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही चहा प्रयोगातच घालून बसलात. आणि मला पत्ता नाही!"

मग शांत होऊन त्यांनी समजावलं. पहिला पॉलिमर डीएनएवर पडला की लगेच नीट बसत नाही, त्याला सावरायला वेळ लागतो. त्याआधीच दुसरा आला तर तो वर बसण्याऐवजी पहिल्यालाच आपल्याकडे ओढतो. आतला धागा सुटतो आणि सगळा गुंता होतो. चहाच्या वेळेत तो पहिला पॉलिमर मुकाट्याने घट्ट बसत होता.

मला इतका आनंद झाला होता. "मॅडम, मग एक ओळ वाढवते! अर्धा तास थांबा. उद्याच पाठवू. समितीच्या आधी पोचेल."

"अर्धाच तास कशावरून? टपरीवर गर्दी असते तेव्हा किती वेळ लागतो? शादाबची सासू आजारी असते तेव्हा किती? दहा मिनिटांत चालेल का? जानेवारीत इथे बोटं गोठतात आणि मे महिन्यात वीज गेली की भट्टी होते, तेव्हा तितकाच वेळ लागेल का? हे काही ठाऊक नाही आपल्याला. सगळं पुन्हा करायचं, वेगवेगळ्या वेळा ठेवून, आणि प्रत्येक वेळी सीरममध्ये टाकून बघायचं."

"त्याला महिने लागतील. समिती पुढच्या आठवड्यात आहे."

"माहितीय."

"मग तुमची लॅब..."

त्या एकदम माझ्यावर कडाडल्या. "तुला काय वाटतं, मला राहायचं नाही? मला राहायचंय गं. फार राहायचंय. घरी बसून मी काय करू, भेंडी निवडू? पण मी एकदा न टिकणारं काम जगात सोडलंय. आता पुन्हा नाही." आणि खोलीत निघून गेल्या. मी स्टुलाजवळ उभी राहून रडले. शादाबने नुसतीच पाण्याची बाटली आणून ठेवली.

लेख गेला नाही. समितीने मॅडमना मुदतवाढ दिली नाही. निरोपाच्या दिवशी त्या कोट परत करून शाल पांघरून आल्या, हात शालीच्या आत. संचालकांनी फुलांचा गुच्छ पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही, नुसती मान लववली. सगळे अवघडले. शेवटी शादाबने पुढे होऊन गुच्छ घेतला. भाषणात त्या दोन वाक्यं बोलल्या आणि बसल्या. मला त्यांचा राग आला. वाटलं, एवढं प्रेम करतात लोक, आज तरी नवाबी सोडायला काय हरकत होती?

लॅब दुसऱ्या सरांकडे गेली. ते भले होते, मला माझं काम पुरं करू दिलं. मी हिवाळाभर वेळा बदलून कण बनवत राहिले, मग वसंतात, मग उन्हाळ्यातली भाजणारी लू वाहायला लागली तरीही. मधूनमधून मॅडमचा तेलीबागहून फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "टिकलं का?" मी आकडे सांगायचे, त्या "हं" म्हणून ठेवून द्यायच्या. हळूहळू चित्र स्वच्छ झालं. किती वेळ थांबायचं, थंडीत किती, गरमीत किती, सगळं कागदावर आलं. पुन्हा परका हात शोधायची वेळ आली. त्रिपाठीजींकडे गेले तर ते ओशाळले. "बिटिया, अब मैं पराया कहाँ रहा? अब तो मुझे सब याद है."

त्या रात्री फोनवर मी मॅडमना विचारलं, कुणाला बसवू?

त्या म्हणाल्या, "मी येते."

"तुम्ही? तुम्ही परक्या कशा?"

"आता मला गेटवर पास काढायला लागतो. आणखी कसं परकं असतं माणूस?"

गेटवरच्या गार्डला तो पास करताना इतकं अवघड झालं की तो सारखा "माफ़ कीजिएगा" म्हणत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "लिखो भैया, लिखो. मैं अब बाहर का है." मी त्यांच्या वतीने नाव लिहिलं. त्या लॅबमध्ये आल्या, आपली जुनी खोली लांबूनच पाहिली आणि सरळ माझ्या टेबलापाशी जाऊन बसल्या.

"मॅडम, पण तुम्हाला सगळं माहीत आहे."

"मला माहीत आहे. हाताला नाही. या हातांनी हे कधी केलेलं नाही." आणि त्यांनी दोन्ही हात पदराखालून काढून टेबलावर ठेवले.

हात थरथरत होते. वयाने थोडे कापतात तसे नाही. मनगटापासून बोटांपर्यंत सतत, आपल्या मर्जीने. उजवा जास्त. लाकडावर बोटांचा बारीक आवाज होत होता. शादाबने पटकन दुसरीकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोरून खिसे, कोपर, चमच्याने खाल्लेला लाडू, न घेतलेला गुच्छ, सगळं सर्रकन गेलं. आमच्यापैकी एकालाही कधी कळलं नव्हतं.

"बघून झालं?" मॅडम म्हणाल्या. "मग हात मागे बांध. तोंड बंद."

मी हात मागे बांधले. त्या दिवसाइतका तो कायदा मला कधीच जड गेला नव्हता. त्यांनी पिपेट उचलली तेव्हा तिचं टोक ट्यूबच्या कडेवर टकटक वाजत होतं. पहिल्यांदा नेम चुकला, थेंब बाहेर पडला. त्यांनी ती ट्यूब बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. मला त्यांचं मनगट धरावंसं वाटत होतं. शादाबचेही हात पाठीमागे होते, त्याच्या मुठी आवळलेल्या मला दिसत होत्या. दुसऱ्या वेळी डीएनए गेला. मग पहिला पॉलिमर गेला, थेंब थेंब, वेडावाकडा, पण गेला.

मॅडमनी कागद वाचला. "इथे लिहिलंय, थांबा." त्या उठल्या. "चला. चहाला."

लॅबच्या आख्ख्या इतिहासात त्या पहिल्यांदा टपरीवर आल्या. चहावाल्याला म्हणाल्या, "भैया, आधाच देना." अर्धा कुल्हड दोन्ही तळव्यांत घट्ट धरून, न सांडता, त्या प्यायल्या. गरम वारा चालला होता. मला राहवलं नाही. "मॅडम, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? मग तुम्ही सगळे माझ्या हातांकडेच बघत बसला असता." त्यांनी एक घोट घेतला. "सुरुवात झाली तेव्हा मी फार घाबरले होते. इतकी वर्षं लोक या हातांचं नाव घेत होते, आता काय? मग वाटलं, बरंच झालं. आता मला असं काम करायला हवं की ज्याला माझे हात लागणारच नाहीत."

परत आलो. दुसरा पॉलिमर घालताना थरथर वाढली होती, दमल्या होत्या त्या. तरी ट्यूब स्वच्छ राहिली. कण सीरममध्ये टाकले. तासभर तिथेच बसून राहिलो. मग शादाबने ट्यूब मशीनमध्ये ठेवली आणि आकडा पडद्यावर आला. कण होते तेवढेच होते. जरासुद्धा फुगले नव्हते.

मला बोलायची परवानगी होती की नाही कोण जाणे. मी म्हणाले, "मॅडम, टिकलं."

त्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग टेबलावरच्या आपल्या हातांकडे. ते अजून तसेच हलत होते. त्यांनी ते पदराखाली घेतले नाहीत.

"या हातांनी होतंय म्हणजे आता कुणालाही होईल," त्या म्हणाल्या. "आता याला माझी गरज नाही. पाठव."

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी पाहिला नव्हता, चहाचा उलगडा झाला त्या दिवशीसुद्धा नाही. मी तिथेच बसून लेख पाठवला. त्या मागे उभ्या राहून शेवटचं बटण दाबेपर्यंत बघत होत्या. मग शादाबला म्हणाल्या, "चल रे, आणखी एक चहा पिऊ. आणि चहावाल्याला सांग, या वेळी भरून दे."